माँटपीलिअर : सर्वांत छोटी राजधानी आणि तिचा नगरकारभार

माँटपीलिअर : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य कोपऱ्यातील व्हरमाँट राज्याची राजधानी व वॉशिंग्टन परगण्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या ८,०७४ (२०२०). क्षेत्रफळ सुमारे २६ चौ. किमी. अमेरिकेच्या पन्नास राज्यांच्या राजधान्यांत ही सर्वांत छोटी. विनूस्की नदी आणि तिला उत्तरेकडून येऊन मिळणारी नॉर्थ ब्रँच यांच्या संगमावर, चहूबाजूंच्या डोंगरउतारांच्या बेचक्यात हे शहर वसले आहे. आंतरराज्य महामार्ग ८९ शहराला लागून जातो. रेल्वेचे स्थानक माँटपीलिअर जंक्शन या नावाने ओळखले जात असले तरी ते शेजारच्या बर्लिन गावाच्या हद्दीत आहे. मॅकडोनाल्ड्सचे दुकान हद्दीत नसलेली देशातील एकमेव राजधानी, अशीही या शहराची ख्याती आहे. बाजारपेठ म्हणजे मुख्यतः स्टेट स्ट्रीट आणि मेन स्ट्रीट हे दोन रस्ते व त्यांना जोडणाऱ्या गल्ल्या.

मराठी वाचकाला या आकाराचा अंदाज यावा म्हणून एक तुलना : महाराष्ट्रात नगरपंचायत स्थापन करायला साधारणपणे किमान दहा हजार लोकवस्ती लागते. त्या हिशेबाने माँटपीलिअरचा कारभार ग्रामपंचायतीनेच पाहिला असता. प्रत्यक्षात मात्र या शहराची स्वतःची सनद आहे, महापौर आहे, पोलीस व अग्निशमन दल आहे, आणि वर्षाच्या खर्चाला मंजुरी देण्याचा हक्क थेट मतदारांच्या हाती आहे.

शहरात दोन सरकारे नांदतात. स्टेट स्ट्रीटवर सोनेरी घुमटाचे राज्य विधिमंडळ (स्टेट हाउस), तर मेन स्ट्रीटवर विटांच्या बांधणीचा सिटी हॉल. एकातून निघून दुसऱ्यात पोहोचायला चालत काही मिनिटे पुरतात. आपले शहर कसे चालावे हे सिटी हॉलमध्ये मतदार ठरवतात. पण त्यातले नेमके काय ठरवण्याची मुभा त्यांना आहे, हे घुमटाखाली ठरते. माँटपीलिअरच्या स्थानिक स्वराज्याचा इतिहास हा या दोन इमारतींमधल्या देवाणघेवाणीचा इतिहास आहे. तिसरा पक्ष नदीचा, आणि तिला विसरून येथे काहीच ठरवता येत नाही.

व्हरमाँट १७७७ ते १७९१ या काळात स्वतंत्र प्रजासत्ताक होते. त्याच काळात, १७८१ मध्ये, या गावाला सनद मिळाली. पहिली कायमची वस्ती १७८७ मध्ये जेकब डेव्हिस याने केली आणि गावाचे नावही त्यानेच सुचवले. ते फ्रान्समधील माँपेलिए या शहरावरून घेतलेले आहे. स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सने केलेल्या मदतीमुळे तेव्हा फ्रेंच गोष्टींविषयी जिव्हाळा होता. स्थानिक लोक उच्चार मात्र पूर्णपणे आपल्या पद्धतीने करतात, आणि ‘पील’ या अक्षरांवर जोर देतात.

सुरुवातीची काही दशके विधिमंडळाला घर नव्हते; अधिवेशने गावोगाव फिरत भरत. १८०५ मध्ये माँटपीलिअरची राजधानी म्हणून निवड झाली, पण गावकऱ्यांनी जागा द्यावी आणि इमारतही स्वतःच उभी करून द्यावी, अशी अट होती. एवढ्याशा वस्तीने ती पुरी केली. लाकडी पहिले सभागृह जेमतेम तीस वर्षे टिकले. प्रतिनिधी चाकूंनी बाके तासत बसत, त्यामुळे ते लवकर मोडकळीला आले, अशी आख्यायिका आजही सांगतात. दुसरी इमारत ॲमी बी. यंग या वास्तुविशारदाने बॅरी येथील ग्रॅनाइटमध्ये बांधली (१८३८). जानेवारी १८५७ मध्ये ती आगीत भस्मसात झाली. ग्रीक धाटणीची खांबांची देवडी तेवढी उभी राहिली. तीच पुढे ठेवून मागे नवी इमारत १८५९ पर्यंत पूर्ण झाली. आज दिसते ती हीच. आगीनंतर राजधानी दुसऱ्या शहरात न्यावी अशी मागणी जोर धरू लागली, तेव्हा माँटपीलिअरच्या लोकांना पुन्हा एकदा खिशात हात घालावा लागला.

या इमारतीचा घुमट लाकडी असून त्यावर तांब्याचा पत्रा आणि त्यावर सोन्याचा वर्ख आहे. माथ्यावर शेतीचे प्रतीक असलेली स्त्रीमूर्ती उभी आहे. पहिली मूर्ती लार्किन मीड या शिल्पकाराच्या कल्पनेतून आली. लाकूड कुजल्यामुळे १९३८ मध्ये ती बदलावी लागली, तेव्हा विधिमंडळाचा वयोवृद्ध सार्जंट-ॲट-आर्म्स (सभागृहाची व्यवस्था पाहणारा अधिकारी) ड्वाइट ड्विनेल याने नव्या मूर्तीचे डोके स्वतः कोरले. त्याने वयाची ऐंशी वर्षे केव्हाच ओलांडली होती. बाकीची मूर्ती इमारतीतल्या कर्मचाऱ्यांनी घडवली. ती ऐंशी वर्षे बर्फवाऱ्यात उभी राहिली आणि २०१८ मध्ये तिसरी मूर्ती वर चढली. राज्याच्या मुख्य इमारतीचा कळस तिथल्याच सेवकांनी घडवावा, ही गोष्ट या गावाच्या स्वभावाला शोभणारी आहे.

विधिमंडळात १५० प्रतिनिधी आणि ३० सिनेटर असतात. ते पूर्णवेळ राजकारणी नसतात. जानेवारीत अधिवेशन सुरू होते, ते मे-जूनपर्यंत चालते. मग जो तो आपापल्या शेतावर, दुकानात किंवा शाळेत परततो. बहुतेकांना स्वतंत्र कार्यालय नसते. सभागृहातले मेज हेच कार्यालय. हिवाळाभर शहरातल्या खोल्या भाड्याने जातात, उपाहारगृहांत आमदार आणि शिक्षक शेजारशेजारच्या टेबलांवर बसलेले दिसतात.

मूळ गावाचा पूर्वेकडचा शेतीचा भाग १८४८ मध्ये वेगळा होऊन ईस्ट माँटपीलिअर हे स्वतंत्र गाव बनले. उरलेल्या बाजारवस्तीला १८९५ मध्ये शहराचा दर्जा मिळाला. शहराचा अर्थव्यवहार सरकारी नोकऱ्या आणि विमा या दोन खांबांवर उभा आहे. व्हरमाँट म्युच्युअल ही विमा कंपनी १८२८ ची, तर नॅशनल लाइफ १८४८ ची. नॅशनल लाइफचा संस्थापक डॉ. ज्युलियस ड्यूई याचा मुलगा जॉर्ज ड्यूई हा माँटपीलिअरमध्येच जन्मला (१८३७). १८९८ मध्ये मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश आरमाराचा पराभव करणारा तोच हा ॲडमिरल.

नगरकारभाराची पद्धत ‘कौन्सिल-मॅनेजर’ म्हणून ओळखली जाते. शहराचे तीन प्रभाग आहेत आणि प्रत्येकातून दोन असे सहा नगरसेवक निवडून येतात. महापौराची निवड सर्व शहरातून होते. सर्वांची मुदत दोन वर्षांची. पण प्रत्येक प्रभागातली एक जागा दर वर्षी रिकामी होते, त्यामुळे सगळी परिषद एकाच वेळी बदलत नाही. धोरण आणि अंदाजपत्रक परिषद ठरवते. रोजचा कारभार, म्हणजे रस्ते, बर्फ उपसणे, पाणी, सांडपाणी, पोलीस, रुग्णवाहिका, हे सगळे नेमलेला व्यवस्थापक पाहतो. आपल्याकडच्या मुख्याधिकाऱ्याशी त्याची तुलना करता येईल, पण एक मोठा फरक आहे. मुख्याधिकारी राज्य सरकार पाठवते आणि बदलते. येथे व्यवस्थापकाला परिषद स्वतः नेमते, आणि काढायचे झाल्यास तीच काढते. विल्यम फ्रेझर १९९५ मध्ये या पदावर आले आणि जवळजवळ तीस वर्षे राहिले. या काळात महापौर कितीतरी बदलले. महापौरपद हे पोटापाण्याचे काम नव्हे. २०१८ मध्ये निवडून आलेल्या ॲन वॉटसन त्या वेळी शहराच्याच हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होत्या; पुढे त्या राज्याच्या सिनेटवर गेल्या. त्यांच्यानंतर मार्च २०२३ मध्ये जॅक मॅककला महापौर झाले. चारच महिन्यांत त्यांच्यापुढे काय वाढून ठेवले होते, ते पुढे येईल.

वर्षाचा मुख्य दिवस म्हणजे मार्चचा पहिला मंगळवार, टाउन मीटिंग डे. व्हरमाँटमध्ये तो राज्याचा सुटीचा दिवस आहे. बर्फ अजून वितळलेला नसतो, शेतीची कामे सुरू झालेली नसतात, म्हणून पूर्वजांनी हा काळ निवडला. लहान गावांत आजही या दिवशी लोक शाळेच्या किंवा पंचायतीच्या सभागृहात जमतात आणि हात वर करून खर्च मंजूर करतात; आपली ग्रामसभा चांगली चालली तर जशी दिसेल तशी. माँटपीलिअरने मात्र गुप्त मतपत्रिकेची पद्धत स्वीकारली आहे. तिला स्थानिक लोक ‘ऑस्ट्रेलियन बॅलट’ म्हणतात. मतदान सिटी हॉलच्या सभागृहात होते. एरवी तेथे नाटके होतात. त्या दिवशी रंगमंचासमोर मतदानाचे कप्पे मांडलेले असतात. बाहेर थंडीत उमेदवार फलक धरून उभे राहतात, आणि येणाऱ्या प्रत्येकाला नावानिशी हाक मारतात.

मतपत्रिका वाचण्यासारखी असते. महापौर आणि नगरसेवक ही नावे तर असतातच. शिवाय उद्यानांच्या आणि दफनभूमीच्या आयोगांचे सदस्यही मतांनीच निवडले जातात. मग शहराचे अंदाजपत्रक : अमुक इतके डॉलर मंजूर आहेत का, हो की नाही. शाळांचे अंदाजपत्रक वेगळे. रस्ता, पूल किंवा पाण्याची टाकी बांधायला कर्जरोखे काढायचे असतील तर तो प्रश्न वेगळा. एखाद्या सार्वजनिक संस्थेला शहराकडून मदत हवी असेल तर पाच टक्के मतदारांच्या सह्या गोळा करून ती आपली मागणी मतपत्रिकेवर आणू शकते. मतदारांनी अंदाजपत्रक फेटाळले तर परिषदेला काटछाट करून ते पुन्हा मतदारांपुढे न्यावे लागते. नगरसेवकांनी आधी गुपचूप ठरवून टाकायचे आणि लोकांना घरपट्टीच्या बिलावरून कळायचे, असा प्रकार येथे होऊच शकत नाही. लोकशाहीची ही रीत मला मोलाची वाटते. आठ हजार वस्तीच्या गावात ती टिकली आहे, यात नवल नाही. पण ती टिकवायला दर वर्षी कष्ट घ्यावे लागतात, हे खरे.

पैशाची बाजू तितकी सुटसुटीत नाही. शहराचे मुख्य उत्पन्न मालमत्ता करातून येते. पण मध्यवर्ती भागातली सर्वांत मोठी मालमत्ता राज्याची आहे, आणि राज्य कर भरत नाही. त्याबदल्यात ते शहराला ठरावीक रक्कम देते. तिचा हिशेब राज्याच्या नियमांनी होतो. शाळांच्या खर्चाचे तर याहून वेगळे. १९९७ मध्ये व्हरमाँटच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रिगम खटल्यात असा निकाल दिला की श्रीमंत गावातल्या मुलांना जास्त आणि गरीब गावातल्या मुलांना कमी शिक्षण मिळणे घटनेत बसत नाही. त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा करून शिक्षणाचा कर राज्यव्यापी निधीत वळवला. तेव्हापासून मतदार आपल्या शाळेचा खर्च मंजूर करतात, पण त्यासाठी घरटी किती कर बसेल हे राज्यभरातल्या आकड्यांवर ठरते. माँटपीलिअरच्या शाळा २०१८ पासून दूरच्या छोट्या रॉक्सबरी गावाशी एका शालेय जिल्ह्यात जोडलेल्या आहेत.

शहराची सनद हाही राज्याचा कायदाच असतो. तिच्यातला एक शब्द बदलायचा तर आधी मतदारांची मंजुरी, मग विधिमंडळाची दोन्ही सभागृहे, मग गव्हर्नरची सही. नोव्हेंबर २०१८ मध्ये माँटपीलिअरच्या मतदारांनी ठरवले की अमेरिकेचे नागरिक नसलेल्या, पण कायदेशीरपणे शहरात राहणाऱ्या लोकांना शहराच्या निवडणुकांत मतदानाचा हक्क द्यावा. ते येथे राहतात, कर भरतात, त्यांची मुले येथल्या शाळांत जातात, हा युक्तिवाद होता. विधिमंडळाने तो २०२१ मध्ये मान्य केला. गव्हर्नर फिल स्कॉट यांनी नकाराधिकार वापरला. दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी तो जून २०२१ मध्ये मोडून काढला. त्याच वेळी विनूस्की शहरासाठीही असाच बदल संमत झाला. प्रकरण न्यायालयात गेले. राज्यघटनेतली नागरिकत्वाची अट राज्याच्या निवडणुकांना लागू आहे, गावाच्या कारभाराच्या निवडणुकांना नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आणि सनद कायम राहिली. एका छोट्या शहराच्या मतपत्रिकेपासून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंतचा हा प्रवास चार वर्षांहून अधिक चालला. त्याचे सगळे टप्पे मेन स्ट्रीट आणि स्टेट स्ट्रीटवर अगदी थोड्या अंतरात पार पडले, कारण सर्वोच्च न्यायालयही घुमटाच्या शेजारीच आहे.

पाण्याच्या बाबतीत हेच न्यायालय शहराच्या विरुद्ध गेले होते. माँटपीलिअरचे पिण्याचे पाणी एकोणिसाव्या शतकापासून बर्लिन पाँड या तळ्यातून येते. नाव सांगते तसे ते शेजारच्या गावात आहे. शहराने पिढ्यान्‌पिढ्या त्या तळ्यात होडी घालायला, पोहायला आणि मासे धरायला मनाई केली होती. शेवटी वाद न्यायालयात गेला. सार्वजनिक जलाशयांवर अधिकार राज्याचा असून शहराला अशी बंदी घालता येत नाही, असा निकाल २०१२ मध्ये लागला. आपण पितो ते तळे राखायचा अधिकारही आपल्याला नाही, ही गोष्ट तेव्हा अनेकांना लागली. त्यांची भावना मला समजते, तरी तळे हे सर्वांचे, हे न्यायालयाचे म्हणणेही डावलता येत नाही.

राज्य आणि शहर एकमेकांच्या उपयोगीही पडतात. राज्याच्या कार्यालयांना ऊब पुरवणारे, लाकडाच्या चिपांवर चालणारे बाष्पकेंद्र स्टेट हाउसच्या मागच्या भागात आहे. २०१४ पासून त्याच्या उष्णतेचा काही भाग शहराने टाकलेल्या नळांतून सिटी हॉल, प्राथमिक शाळा आणि मध्यवर्ती भागातल्या इतर इमारतींपर्यंत पोहोचतो. जवळच्या जंगलातले लाकूड, दोन सरकारांचा एक चुलाणा.

शहराच्या सार्वजनिक संपत्तीपैकी दोन गोष्टी एका भांडणातून आल्या. मार्टिन आणि फॅनी केलॉग या श्रीमंत दांपत्याने गावात वाचनालय बांधण्यासाठी आपली संपत्ती ठेवली. फॅनीचा भाचा जॉन हबर्ड याने मृत्युपत्राला आव्हान दिले, आणि गाव त्याच्यावर खवळले. अखेर तडजोड झाली : संपत्ती त्याच्याकडे गेली, पण वाचनालय त्याने बांधून द्यायचे. ते १८९६ मध्ये उघडले आणि दोघांच्या नावाने केलॉग-हबर्ड म्हणून ओळखले जाते. लोकांचा राग मात्र गेला नाही. हबर्ड १८९९ मध्ये मरण पावला, तेव्हा कळले की त्याने बहुतेक सारे गावालाच देऊन टाकले आहे. त्याच वर्षी त्याच्या दानातून स्टेट हाउसच्या मागच्या डोंगरावर हबर्ड पार्क झाले. पार्कातला दगडी मनोरा १९१५ ते १९३० या काळात हळूहळू उभा राहिला. तेथून सोनेरी घुमट खाली झाडांत बुडाल्यासारखा दिसतो. हबर्डच्या समाधीवर ग्रीन माउंट दफनभूमीत कार्ल बिटर या शिल्पकाराने केलेली मृत्युदेवतेची काळसर कांस्यमूर्ती आहे. तिच्या मांडीवर बसणाऱ्याचे वाईट होते, अशी शहरातल्या पोरांची समजूत आहे.

आता नदी. सपाट जमीन मिळाली ती फक्त संगमावर, म्हणून गाव तेथे वसले. आणि तोच पाण्याचा मार्ग. नोव्हेंबर १९२७ च्या महापुराने व्हरमाँटमध्ये ८४ जणांचा बळी घेतला, त्यांत राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नरही होते. माँटपीलिअरच्या बाजारपेठेत पाणी दुकानांच्या दारांवरून गेले. त्या धक्क्यातून १९३०च्या दशकात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या बेरोजगारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेच्या मजुरांनी वरच्या खोऱ्यांत पूरनियंत्रणाची धरणे बांधली. त्यांतले राइट्सव्हिल धरण थेट नॉर्थ ब्रँचवर आहे. ११ मार्च १९९२ रोजी पाऊस नव्हे तर बर्फ कारण झाला. नदीवरचा गोठलेला थर फुटला, त्याचे तुकडे पुलाजवळ अडकून बांध तयार झाला, आणि सकाळी कामावर निघालेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत तासाभरात बाजार पाण्याखाली गेला.

१० आणि ११ जुलै २०२३ रोजी पुन्हा तेच घडले, या वेळी पावसाने. एका दिवसात पाच इंचांहून जास्त पाऊस कोसळला. विनूस्कीने १९२७ नंतरची सर्वांत उंच पातळी गाठली. रात्रभर सगळ्यांचे लक्ष राइट्सव्हिलकडे होते : पाणी सांडव्याच्या अगदी जवळ आले होते आणि ते सांडव्यावरून गेले असते तर आधीच बुडालेल्या शहरात आणखी लोट आला असता. ते टळले. पण सकाळी स्टेट स्ट्रीट आणि मेन स्ट्रीटवर गढूळ, तेलकट पाणी होते. तळघरे भरली होती, आणि या शहरात तळघरातच भट्ट्या, विजेचे फलक, लिफ्टची यंत्रे असतात. वाचनालयाच्या तळघराचेही तसेच झाले. पाणी ओसरल्यावर प्रत्येक दुकानासमोर ओल्या लाकडी फळ्या, पुस्तके, गालिचे, फ्रीज यांचा ढीग लागला. फावडी घेऊन आलेले लोक एकमेकांना नावानेच ओळखत होते. टपाल कार्यालयाची इमारतही निकामी झाली, आणि राज्याच्या राजधानीला एक वर्षाहून जास्त काळ धड टपाल कार्यालय नव्हते.

त्यानंतर परिषदेच्या बैठकांत एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येत राहिला. बाजारपेठ आहे तेथेच ठेवायची, की उंचावर न्यायची? धरण राज्याच्या ताब्यात, त्यामुळे त्याची उंची शहर वाढवू शकत नाही. नदीला पसरायला जागा द्यायची तर वरच्या गावांच्या हद्दीत द्यावी लागते. शहराच्या हातात राहते ते थोडे : तळघरातली यंत्रे वरच्या मजल्यावर नेणे, काही जागा मोकळ्या करणे, आणि डोंगरावर नवी घरे. या शेवटच्या कामासाठी एक जागा आधीच आहे. कंट्री क्लब रोडवरचे जुने गोल्फ मैदान पुराच्या आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, मतदारांच्या मंजुरीने शहराने विकत घेतले होते. ते पूररेषेच्या वर आहे. तेथे रस्ते, पाणी आणि सांडपाण्याच्या वाहिन्या न्यायला मोठा पैसा लागतो, आणि त्यासाठी कर्जरोखे काढायचे तर तो प्रश्न मार्चच्या एखाद्या मंगळवारी सिटी हॉलच्या रंगमंचासमोरच्या कप्प्यांत जाऊन सुटतो.